भरून परत द्यायचं भांडं

आमच्या घरात नवाबासाठी इंग्लंडात खास घडवून घेतलेलं एक भांडं पाऊणशे वर्षं होतं आणि त्यात आम्ही एकदाही काही खाल्लं नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ज्यांच्या घरी असलं काही नसतं त्यांना हसायला काय जातंय? मी मात्र हे छाती पुढे काढून सांगते, आणि का सांगते तेही ऐका.

भांडं म्हणजे झाकणाचा मोठा लांबट वाडगा. पंगतभर माणसांना कढी पुरेल एवढा. दोन्ही बाजूंना धरायला कान आणि झाकणावर मुठीएवढं फूल. रंग सायीसारखा, कडेनं निळा पट्टा, पट्ट्याच्या आत सोन्याची बारीक रेघ. पोटावर पाण्यातला किल्ला आणि वर चंद्रकोर, ही संस्थानाची निशाणी. पालथं केलं की बुडाला इंग्रजीत कारखान्याचा शिक्का. विलायतेतल्या कुणा माणसानं आमचा समुद्र, आमचा किल्ला कधी डोळ्यांनी पाहिला नसणार, तरी काय रेखला होता! किनाऱ्यावर उभं राहून बघावं तसा. मी दर दसऱ्याला ते उतरवून पुसायची आणि दर दसऱ्याला मला वाटायचं, मुरुडसारख्या गावासाठी कुणीतरी सातासमुद्रापार एवढा जीव ओतला, म्हणजे आमचं गाव काही ऐरंगैरं नव्हे.

मी मूळची नागावची. मुरुडात सून म्हणून आले तेव्हा माझ्या तोंडाला लगाम नव्हता, आताही फारसा नाही. आमचे हे बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने दर्यावर. घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामंजी म्हणते. नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीतच पुढे आम्ही काढलेलं राहण्या-जेवणाचं घरगुती ठिकाण, एवढा आमचा पसारा. लग्नानंतर माझ्या माहेरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली, तेव्हा मी स्टुलावर चढून कपाटावरचं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं हे भांडं खाली काढलं. म्हटलं, यात सोलकढी वाढू, नागावकरांचे डोळे दिपू देत. मामंजी कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. फक्त माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि म्हणाले, "ते आपलं न्हाय, सूनबाई. ते भरून परत जायचंय."

मला वाटलं, म्हाताऱ्यांची काहीतरी खुळं असतात. पण मग त्यांनी सगळं सांगितलं.

मामंजींचे वडील राजवाड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांची देखभाल करायचे. हे भांडं ज्या सेटातलं, तो विलायती सेट आला तेव्हा गवतात बांधलेल्या त्या पेट्या बोटीतून उतरवायला तेही होते, आणि एक बशीसुद्धा फुटू दिली नाही म्हणून त्यांची पाठ थोपटली गेली होती, असं घरात सांगतात. दर ईदेला राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आमच्या घरी शीरखुर्मा यायचा, तो तांब्याच्या पातेलीतून. त्या वर्षी ईद भर श्रावणात आली. पाहुणे फार होते, पातेल्या अडकल्या होत्या, का आणखी काही, देव जाणे. शीरखुर्मा आला तो या भांड्यातून. आणणारा माणूस मुदपाकखान्यातला वाढपी होता. त्यानं भांडं पडवीत ठेवलं, मामंजींच्या आईला सलाम केला आणि म्हणाला, भांडं सावकाश द्या.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात, वाडीतलं लिंबू टाकतात, पण रिकामं देत नाहीत. तांब्याच्या पातेलीत मामंजींची आई दरवर्षी ओलं खोबरं आणि गूळ घालून पाठवायची. पण हे भांडं बघून ती बाई अडली. सोन्याच्या रेघेच्या भांड्यात गूळ-खोबरं घालायचं? तिनं ठरवलं, नारळी पौर्णिमा तोंडावर आली आहे, नारळीभात करून देऊ. नारळीभात केला, तो बुडाला लागला. असा भात राजवाड्यात? छे! मग गणपतीत मोदक केले, तर तिच्या मते पाकळ्या धड आल्या नाहीत. मग दिवाळीत बघू, असं झालं. दिवाळीत ती आजारी पडली आणि अंथरुणालाच खिळली. ती जरा उठून बसेपर्यंत संस्थान विलीन झालं, राजवाड्यातली माणसं पांगली, मुदपाकखाना बंद झाला. भांडं द्यायचं कुणाला?

माझी ही आजेसासू मी पाहिली नाही, पण मला ती फार ओळखीची वाटते. जळ्ळा मेला तो ताठा! पण ताठा होता तो स्वतःसाठी नव्हे. आपल्या हातून दुसऱ्याच्या दारात कमी दर्जाचं काही जाऊ नये, एवढाच. मरताना तिनं मामंजींना सांगितलं होतं म्हणे, की यात घरच्या कुणी खायचं नाही, हे भरून परत जायचं आहे. तेव्हापासून ते कपाटावर. अशा घरात मी आले याचा मला त्या दिवसापासून अभिमान वाटतो. विकून खाल्लं असतं तर कोण विचारणार होतं? पण नाही खाल्लं.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला आमच्याकडे मुंबईचा एक पाहुणा उतरला होता. मांडव्याला बोटीनं उतरून तिथून गाडीनं आलेला, निवृत्त, हौशी, जुन्या वस्तूंचा नाद असलेला माणूस. मी ओसरीवर भांडं पुसत होते. त्यानं ते पाहिलं आणि हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. माझी परवानगी घेऊन भांडं पालथं केलं, बुडाचा शिक्का बघितला, बोट फिरवून सोन्याची रेघ बघितली. मग मला कितीतरी वेळ समजावत राहिला. इंग्लंडातले कारखाने हिंदुस्थानातल्या, तुर्कस्तानातल्या, कुठल्या कुठल्या राजेरजवाड्यांसाठी असे सेट बनवायचे. प्रत्येकाची निशाणी वेगळी. यातल्या कितीतरी सेटांचे तुकडे जगभर विखुरले. हे काचेच्या कपाटात असायला हवं, ताई. मग तो किमतीवर यायला लागला तशी मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, तुमच्या खोलीचं भाडं तेवढं सांगा, ह्याचं नको.

माणूस वाईट नव्हता. पण जाता जाता त्यानं भांड्याचा फोटो काढून फोनवर टाकला. खाली लिहिलं, नवाबाच्या राजवाड्यातलं भांडं मुरुडच्या एका घरात सापडलं. 'सापडलं' म्हटल्यावर लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. बाजारात भाजीवाली मला म्हणाली, काय हो वहिनी, राजवाडा धुतला वाटतं तुमच्या सासऱ्यानं? मी तिला तिथल्या तिथे असं सुनावलं की तिची पालेभाजी कोमेजली असेल. पण घरी आले तेव्हा पिशवीत भाजी नव्हती. मामंजींना मी काही सांगितलं नाही. त्यांना आधीच कळलं होतं. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? ते म्हणाले, कर नाही त्याला डर कशाला. पण त्या दिवशी ते वाडीत गेले नाहीत.

दोन-तीन दिवसांनी सकाळी दारात एक म्हातारी उभी राहिली. डोक्यावर पांढरी ओढणी, हातात मुलाचा असावा असा मोठा फोन. मी तिला तोंडओळखीनं ओळखत होते. जेट्टीकडच्या मोहल्ल्यातली, मुलं आखातात, सगळे तिला खाला म्हणतात. मासळीबाजारात आम्ही किती वेळा शेजारी उभं राहून सुरमईचा भाव केला असेल. पण आमच्या आळीत ती कधी आलेली मला आठवत नाही. तिनं फोन पुढे केला. त्यात आमचं भांडं. हे इथे आहे का, एवढंच तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो आहे, या, बघा. आधीच माझं डोकं फिरलेलं होतं, म्हणून वर हेही जोडलं, की आणि चोरलेलं नाही, सांगून ठेवते. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. भांड्यापुढे खाली बसली. झाकणावरच्या फुलाला हात लावला आणि रडायला लागली. पदराआड मुसमुसणं नव्हे, घळघळा.

मी पाणी दिलं. मामंजी आतून आले. मग खालानं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण तिला एकसलग बोलता येत नव्हतं. शीरखुर्मा घेऊन आमच्या पडवीत आलेला तो वाढपी म्हणजे तिचे अब्बा. राजवाडा बंद होताना मुदपाकखान्याच्या कारभाऱ्यानं सेट मोजला तर हे भांडं कमी. शेवटचं कुणाच्या हातात होतं? अब्बांच्या. त्यांनी मुंबईच्या व्यापाऱ्याला विकलं असं ठरलं आणि त्यांना तोंड काळं करून काढून दिलं. पुढे आयुष्यभर त्यांना कुणी घरातलं काम दिलं नाही. बंदरावर हमाली केली. खालाचा जन्म त्यानंतरचा, पण नाव तिलाही चिकटलं. भांडीचोराची मुलगी. शाळेत तेच, सोयरीक आली की तेच. म्हण आहे ना, चोर सोडून संन्याशाला सुळी. इथे तर चोरच नव्हता.

मी म्हटलं, अहो पण त्यांनी सांगायचं ना, की भांडं अमक्याच्या घरी आहे म्हणून! खाला म्हणाली, अम्मी त्यांना जन्मभर हेच विचारायची. ते एवढंच म्हणायचे, भांडं चांगल्या घरी आहे, ते लोक देणार आहेत. कुठलं घर ते कधी बोलले नाहीत.

मामंजी भिंतीला टेकून उभे होते. ते खाली बसले. मग त्यांनी सांगितलं, आणि हे मलाही त्यांनी इतक्या वर्षांत सांगितलेलं नव्हतं. तो वाढपी भांडं मागायला परत आला होता. मामंजी तेव्हा लहान होते, पण त्यांना वाडीच्या फाटकापाशी, बेड्यापाशी उभा राहिलेला तो नीट आठवत होता. आई अंथरुणावर होती. तिनं आतूनच सांगितलं, भाई, रिकामं कसं देऊ, मला उठू दे, चार दिवसांत भरून देते.  मग म्हणाला, बरं, बाय, तुमच्या सवडीनं. आणि गेला. त्याला चोर ठरवलं ते ह्याच भांड्यापायी, हे मामंजींना आज कळलं. आजारी बाईचा शब्द मोडून भांडं ओढून न्यायचं त्याच्यानं झालं नाही. कारभाऱ्यापुढे आमच्या घराचं नाव घेतलं असतं तर लोक झडती घ्यायला आले असते, तेही त्याच्यानं झालं नाही.

मला काय वाटलं ते कसं सांगू? इतकी वर्षं मी ज्या गोष्टीचा टेंभा मिरवला, ती गोष्ट एका माणसानं आपल्या अंगावर घेऊन ठेवली होती. आमच्या घराची अब्रू कपाटावर शाबूत राहिली ती त्याच्या जिवावर. मला आजेसासूचा पहिल्यांदाच राग आला, अगदी कडकडून. चिमूटभर साखर टाकून दिली असती, बाई, तर काय सोनं झडलं असतं तुझ्या हाताचं?

खाला भांडं न मागताच उठली. मामंजी तिला म्हणाले, आज नेऊ नको. उद्या मी घेऊन येतो. तिनं त्यांच्याकडे संशयानं बघितलं. का नाही बघणार? तिच्या घरानं हे एकदा ऐकलेलं होतं. पण मामंजींचे डोळे बघून ती निघाली.

रात्री मामंजी जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, सूनबाई, भरायचं बघ. मी विचारलं, काय करू? ते म्हणाले, काय बी कर, पण आज कर.

मी नारळीभात केला. श्रावण नव्हता, नारळी पौर्णिमा नव्हती, काही नव्हतं. वाडीतले नारळ, घरचा तांदूळ, गूळ, लवंग, तूप. बुडाला लागला का? थोडा लागला. वरचा काढला आणि लागलेलाही काढला, त्याचा वास छान येतो. नेमका तेव्हा त्या मुंबईच्या पाहुण्याचा फोन आला. झालं ते त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. फार ओशाळला होता, माफी मागत होता. मग काळजीनं म्हणाला, ताई, एवढ्या जुन्या भांड्यात गरम भात घालू नका हो, तडा जाईल. मी म्हटलं, दादा, ते घडवलं कशाला होतं, फोटो काढायला? आणि फोन ठेवून दिला. भात मात्र जरा निवू दिला, खोटं कशाला बोलू.

मी रिक्षा बोलवणार होते. मामंजींनी नको म्हटलं. धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली आणि भरलेलं भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर पडले. पंच्याऐंशी उलटलेला माणूस. ते भांडं रिकामंसुद्धा जड, त्यात शिगोशिग भात. मी म्हटलं, मला द्या. नाही दिलं. आडवाटेनं जाऊ म्हटलं, तर मला म्हणाले, बाजारातनंच जायचं.

आम्ही बाजारातून गेलो. एसटी स्टँडवरून गेलो. माणसं थांबून बघत होती. कुणी विचारलं तर मामंजी थांबायचे, भांडं दाखवायचे आणि सांगायचे की हे राजवाड्यातलं, आमच्याकडे भरून द्यायचं राहिलं होतं, आता द्यायला चाललोय. त्या भाजीवालीपुढे तर ते मुद्दाम थांबले. तिनं मान खाली घातली. मला आपलं बरं वाटलं, मी काही देवमाणूस नाही.

मोहल्ल्यात शिरलो तेव्हा बायका दारादारांत आल्या होत्या. खाला ओट्यावर उभी होती. मामंजींनी तिच्या हातात भांडं देईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. म्हणाले, "तुझ्या बापानं दिलेलं भांडं. आमच्या आईकडून परत करायचं राहिलं. त्यात त्याचा जन्म गेला."

खाला भांडं घेऊन आत गेली. भात पातेल्यात काढल्याचा आवाज आला. शेजारपाजारच्या पोरींना बोलावून तिनं वाटीवाटीनं वाटला, एक घास स्वतः उभ्याउभ्याच खाल्ला, आणि मला म्हणाली, खवलेलं खोबरं अजून चालतं यात. म्हातारीची जीभ माझ्यासारखीच आहे, तेव्हा मला कळलं. मग तिनं भांडं धुतलं, ओढणीच्या टोकानं कोरडं केलं आणि ओट्याच्या कडेला, रस्त्याकडे किल्ला येईल असं ठेवलं. मी म्हटलं, खाला, इथे नको, कुणाचा धक्का लागेल. ती म्हणाली, लागू दे, फुटेपर्यंत तरी लोकांना दिसेल.

मग रस्त्यानं जो जाईल त्याला ती हाक मारायला लागली. म्हातारे, बाया, सायकलवाले, जाळी खांद्यावर घेऊन येणारे. प्रत्येकाला भांडं दाखवून तेच सांगायची, "बघा. माझ्या अब्बांनी विकलं नव्हतं."

आणि ओट्यावर तिच्या शेजारी बसलेले माझे सासरे प्रत्येक वेळी मान वर करून सांगायचे, "खरं हाय. आमच्या घरी होतं."

माझ्या माहेरी-सासरी मोठी मोठी माणसं मी पाहिली आहेत. पण आपल्या घराची चूक भर रस्त्यात पुन्हा पुन्हा, ताठ मानेनं सांगणारा माणूस मी हा एकच पाहिला, आणि तो माझा सासरा आहे. कुणी हसलं, कुणी हळहळलं, एक म्हातारा तर भांड्यापुढे हात जोडून उभा राहिला, त्यानं खालाच्या अब्बांना लहानपणी चोर म्हणून खडे मारले होते म्हणे. मामंजींनी त्यालाही तेच सांगितलं.

ऊन कलायला लागलं. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, घसा बसला होता. खालाच म्हणाली, दादा, पुरे झालं आता, घरी जा. मीही त्यांचा हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि मशिदीकडे बोट केलं.

म्हणाले, "अजून नमाजाची माणसं बाहेर यायचीत. तेवढी ऐकून जाऊ देत."